लॅपटॉपच्या बटणांवर पेटी: रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये टायपिंगच्या कीबोर्डने स्वर कसे भरायचे

घरात पेटी आहे, पण रात्री अकरानंतर भाता हलवला की वरच्या मजल्यावरून फरशीवर काठी आपटते. चाल मात्र नेमकी तेव्हाच सुचते. मग हेडफोन कानाला, लॅपटॉप मांडीवर, आणि ज्या बटणांवर दिवसभर ईमेल बडवले त्याच बटणांवर सारेगम. गेली काही वर्षं माझं असंच चाललंय. वेगळा वाजवायचा कीबोर्ड विकत न घेता पहिली पाच-दहा गाणी आरामात बांधता येतात. ती कशी, ते इथे सांगतो. (पुढे 'कीबोर्ड' म्हटलं की टायपिंगचाच समजा.)

या विषयावरची बहुतेक शिकवणी पियानोपासून सुरू होते. सी, डी, ई, मेजर, मायनर. ज्याला सारेगम येतं त्याने हा वळसा घ्यायची गरज नाही. तुम्ही शाळेत, भजनी मंडळात किंवा गाण्याच्या क्लासला सात स्वर शिकला असाल तर अर्धं काम झालेलं आहे. फक्त एक पथ्य आधीच सांगून ठेवतो: कीबोर्डवरचा सा कधी हलवायचा नाही. तुमची पट्टी काळी एक असो की काळी चार, बटणांवर सा एकाच जागी राहील. पट्टी बदलणं हे सॉफ्टवेअरचं काम, ते त्याला करू द्या.

आत नेमकं काय जातं

बटण दाबल्यावर आवाज रेकॉर्ड होत नाही. कोणता स्वर, कधी सुरू झाला, कधी सुटला आणि किती जोरात वाजला, एवढीच नोंद होते. या नोंदींच्या भाषेला एमआयडीआय म्हणतात, लोक तिला 'मिडी' म्हणतात. ती १९८३ पासून वापरात आहे. वहीत बंदिशीचं नोटेशन लिहिलेलं असतं तसंच हे. वही गात नाही, तिच्यावरून कुणीतरी गातं. तसं इथे नोंदीवरून सॉफ्टवेअरमधलं वाद्य वाजतं. म्हणून आज बासरीवर वाजवलेली ओळ उद्या सतारीवर ऐकता येते, चुकलेला एकच स्वर नंतर माऊसने उचलून जागेवर ठेवता येतो, आणि लय वाढवली तरी पट्टी चढत नाही. या तिन्ही गोष्टींचा पुढे भरपूर फायदा घ्यायचा आहे.

सा कुठे आहे

सॉफ्टवेअरप्रमाणे बटणांची मांडणी दोनपैकी एक असते.

पहिली मांडणी मधल्या ओळीची. गॅरेजबँड, लॉजिक आणि एबलटन लाइव्ह यांच्यात ही आहे. मधली ओळ डावीकडून धरा: ए, एस, डी, एफ, जी, एच, जे, के. हे झाले सा, रे, ग, म, प, ध, नि, सां. सगळे शुद्ध. वरच्या ओळीत काळ्या पट्ट्या आहेत: डब्ल्यू कोमल रे, ई कोमल ग, टी तीव्र म, वाय कोमल ध, यू कोमल नि. आर आणि आय ही दोन बटणं मुकी असतात. सुरुवातीला बटण बिघडल्यासारखं वाटतं, पण पेटी आठवा. ग आणि म यांच्यामध्ये काळी पट्टी नसते, नि आणि सां यांच्यामध्येही नसते. आर आणि आय बरोबर त्याच जागी आहेत. के-च्या पुढे ओ, एल, पी असं तार सप्तक थोडं चालू राहतं. झेड दाबलं की सगळं एक सप्तक खाली जातं, एक्स दाबलं की वर.

दुसरी मांडणी दोन ओळींची. एफएल स्टुडिओ, रीपर आणि एलएमएमएस यांच्यात ही मिळते. खालची ओळ झेड, एक्स, सी, व्ही, बी, एन, एम म्हणजे सा ते नि. त्यांचे कोमल-तीव्र वरच्या ओळीत: एस, डी, जी, एच, जे. मग क्यू-पासून पुढचं सप्तक सुरू: क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय, यू. त्याच्या काळ्या पट्ट्या आकड्यांवर: २, ३, ५, ६, ७. इथे एफ आणि ४ मुके, कारण तेच.

मला दुसरी मांडणी जास्त आवडते, कारण दोन सप्तकं एकाच वेळी हाताखाली येतात. पहिलीत मात्र बोटं टायपिंगच्या मूळ जागेवरच राहतात, त्यामुळे ज्यांना न बघता टाइप करता येतं त्यांचा हात पहिल्या संध्याकाळीच बसतो.

आता राग अक्षरांत मांडून बघा. भूप म्हणजे ए, एस, डी, जी, एच, के. दुर्गा म्हणजे ए, एस, एफ, जी, एच, के. भूप आणि दुर्गामध्ये एकाच बोटाचा फरक! मालकंस बघा: ए, ई, एफ, वाय, यू, के. यमनमध्ये एफ सोडून टी. दोन ओळींच्या मांडणीत भूप झेड, एक्स, सी, बी, एन, क्यू असा येतो. मी आधी हे कागदावर लिहून पडद्याखाली चिकटवलं होतं. आठवड्याभरात कागद पडला आणि परत लावावा लागला नाही.

सुरुवात रीपरवर

विंडोजवर सुरुवात करणाऱ्याला मी रीपर सुचवतो. ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं आणि साध्या लॅपटॉपवरही ते धापा टाकत नाही. पूर्ण मोफत हवं असेल तर एलएमएमएस आहे. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं. एफएल स्टुडिओच्या चाचणी आवृत्तीत काम साठवता येतं, पण साठवलेलं पुन्हा उघडता येत नाही. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर रविवारची सगळी मेहनत बंद डब्यात जाते.

रीपर उघडलं की वरच्या 'ट्रॅक' मेनूतून नव्या ट्रॅकवर व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट घालायचा पर्याय निवडा. यादीतून रीसिंथ हे रीपरचं साधं वाद्य घ्या. त्याचा आवाज अगदी कोरडा, जुन्या घड्याळातल्या गजरासारखा. वाद्य म्हणून तो कुणालाच आवडत नाही, पण जोडणी नीट झाली की नाही हे तपासायला चांगला. चांगली वाद्यं नंतर घाला.

ट्रॅकवरचं लाल गोल बटण पेटलेलं आहे का बघा, म्हणजे ट्रॅक रेकॉर्डिंगसाठी तयार. त्याच्या इनपुटमध्ये मिडी निवडलेलं हवं, सगळी इनपुटं आणि सगळे चॅनल. मग ऑल्ट धरून बी दाबा. पडद्यावर पेटीसारख्या पट्ट्यांची एक खिडकी येईल. त्या खिडकीवर एकदा माऊसने टिचकी मारा आणि झेड दाबा. सा ऐकू आला पाहिजे.

खिडकीवर टिचकी मारायला विसरू नका. ती राहून गेली तर तुमची अक्षरं स्वर म्हणून न जाता रीपरच्या शॉर्टकटसारखी चालतात. एस दाबलं की आधीच्या रेकॉर्डिंगचे दोन तुकडे, एम दाबलं की टाइमलाइनवर एक खूण. माझ्या पहिल्या संध्याकाळी मी कोमल रे वाजवतोय अशा समजुतीत भीमपलासीच्या... असो, भीमपलासीत कोमल रे नसतोच, पण ओळीचे सात तुकडे मात्र झाले. कंट्रोल-झेडने सगळं परत आलं. त्या खिडकीच्या मेनूत कीबोर्डची सगळी बटणं तिच्याकडेच पाठवायचा एक पर्याय असतो, तो चालू करून टाका. सप्तक वर-खाली करायला डावा-उजवा बाण.

बाकीच्यांचं थोडक्यात. गॅरेजबँड आणि लॉजिकमध्ये कमांड-के दाबलं की 'म्युझिकल टायपिंग'ची खिडकी येते. लाइव्हमध्ये वरच्या पट्टीत कीबोर्डचं छोटं चिन्ह आहे, नव्या आवृत्त्यांत एम दाबूनही ते चालू-बंद होतं. एफएल स्टुडिओत कंट्रोल-टी.

आवाजच येत नाही

सगळ्यात आधी भाषा बघा. आपण मराठीत टाइप करणारी माणसं, कीबोर्ड मराठीवर राहून जातो. वाजवायला बसताना तो इंग्रजीवर न्या. मग सप्तक बघा. झेड-एक्स किंवा बाण चुकून चार वेळा दाबला गेला की स्वर इतका खाली किंवा वर जातो की वाद्याकडे तो नसतोच. बासरीच्या नमुन्यात खर्ज कुठून येणार?

सप्तकांच्या आकड्यांनी गोंधळू नका. मिडीमध्ये प्रत्येक स्वराला ० ते १२७ मधला क्रमांक असतो, आणि पियानोच्या मधल्या सी-चा क्रमांक सगळीकडे ६० असतो. पण त्याच स्वराला लाइव्ह 'सी ३' म्हणतं आणि एफएल स्टुडिओ 'सी ५'. कुणी मदत करताना 'सी ४ वाजव' म्हणालं, तर कोणत्या सॉफ्टवेअरचा ते आधी विचारा.

बोट आणि आवाज यांच्यातला उशीर

बटण दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येत असेल तर लयीत वाजवणं अशक्य होतं. नवशिक्यांना वाटतं आपला हात कच्चा आहे. बहुतेक वेळा हात ठीक असतो, सेटिंग चुकलेलं असतं.

कॉम्प्युटर आवाज छोट्या छोट्या घासांत बाहेर पाठवतो. त्या घासाचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने १०२४ चा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, २५६ चा सुमारे ६, आणि १२८ चा ३ पेक्षा थोडा कमी. वर विंडोजची आपली वाट असते, तिचा वेळ वेगळा. म्हणून विंडोजवर प्रेफरन्सेसमधल्या ऑडिओ डिव्हाइसमध्ये जाऊन एएसआयओ (आवाज कमी उशिराने बाहेर पाठवायची जोडणी) निवडा. तुमच्या साउंड कार्डाचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर नसेल तर 'एएसआयओ फॉर ऑल' मोफत मिळतो. बफर २५६ वर ठेवा. तडतड ऐकू आली तर ५१२ करा. मॅकवर हा त्रास बहुधा नसतोच.

आणि ब्लूटूथचे हेडफोन काढून ठेवा. त्यांतला उशीर इतका मोठा असतो की बफर कितीही कमी केला तरी तो झाकत नाही. साधा वायरवाला हेडफोन, भले तो मोबाइलबरोबर आलेला जुना असेल, या कामाला जास्त चांगला.

निम्म्या लयीत वाजवा

सॉफ्टवेअर साधारणपणे मिनिटाला १२० च्या लयीवर उघडतं. ते ६० करा. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारी सोय) चालू करा, त्याच्या सेटिंगमध्ये एक आवर्तन आधी मोजून द्यायची सोय असते, तीही चालू करा. मग रेकॉर्ड. थांबवायला माऊस वापरा, कारण बोटं स्वरांवर आहेत.

पहिल्या दिवशी गाणं घेऊ नका, अलंकार घ्या. सारेग, रेगम, गमप, मपध, पधनि, धनिसां आणि तसंच परत. मधल्या ओळीची मांडणी असेल तर डाव्या हाताकडे ए ते एफ, उजव्याकडे जी ते के. पेटीवर एका हाताने वाजवायची सवय असलेल्यांना हे थोडं विचित्र वाटतं, कारण इथे दुसऱ्या हाताला भाता नाही. दोन्ही हात मोकळे आहेत तर वापरा ना.

६० मध्ये नीट आलं की लय १२० करा आणि ऐका. स्वर तेच, पट्टी तीच, वेग दुप्पट. हे फसवणं वगैरे काही नाही. शेवटी ऐकणाऱ्यापर्यंत चालच पोचते. पण एक खाच आहे: निम्म्या लयीत घेतलेली हरकत दुप्पट वेगात कधीकधी यांत्रिक वाटते. म्हणून फार मोठी उडी न घेता ९० च्या गाण्यासाठी ६५-७० ला रेकॉर्ड करावं, असं माझं मत.

तेवढंही जमत नसेल तर एकेक स्वर टाकत जायची सोय असते, तिला स्टेप इनपुट म्हणतात. तिच्यात लय चालू नसते. तुम्ही स्वर दाबता, सॉफ्टवेअर एक घर पुढे सरकतं. तबल्याच्या किंवा तालवाद्याच्या ठेक्यासाठी ही उत्तम. चालीसाठी मला ती रुचत नाही. वहीत लिहिलेल्या स्वरांना बोलता येत नाही तसं काहीतरी होतं.

सगळे स्वर एकाच जोराचे

टायपिंगच्या बटणाला दाब कळत नाही. हळू दाबा की आपटा, नोंद एकच. मिडीत या जोराला व्हेलॉसिटी म्हणतात आणि ती १ ते १२७ मध्ये मोजतात. मधल्या ओळीच्या मांडणीत सी बटणाने जोर कमी होतो, व्ही-ने वाढतो. पण वाजवता वाजवता ते सांभाळणं कठीण. मी सगळं एका जोरात वाजवून घेतो आणि मग मिडी एडिटर उघडतो. तिथे स्वर आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि खाली प्रत्येकाच्या जोराचे उभे दांडे. समेच्या स्वराचा दांडा १०० च्या आसपास, मधल्या स्वरांचे ७० ते ८५, आणि कण म्हणून येणारा स्वर ५० च्याही खाली. एका आवर्तनाला पाच मिनिटं लागतात. या पाच मिनिटांनी जितका फरक पडतो तितका महागड्या वाद्याच्या नमुन्यानेही पडत नाही.

लय सरळ करायची सोयही तिथेच आहे, क्वांटाइझ. रीपरच्या मिडी एडिटरमध्ये क्यू दाबलं की तिची खिडकी येते. ती प्रत्येक स्वर जवळच्या घरात ढकलते. शंभर टक्के ढकलू नका. ताकद ५० ते ७० टक्के ठेवली की चूक सुधारते आणि माणूसही उरतो. केरव्याच्या गाण्याला सोळाव्या भागाची घरं चालतात. दादऱ्याला मात्र आधी सॉफ्टवेअरमध्ये ६/८ ताल लावा. चारच्या तालात तीन-तीनची चाल वाजवली असेल तर घरं ट्रिपलेटची, म्हणजे एका मात्रेत तीन अशी निवडा. हे विसरून साधी घरं दाबली की दादरा लंगडायला लागतो, आणि आपल्याला मात्र वाटतं की वाजवतानाच चुकलं.

तीन बटणं एकदम

सूर धरून स्वरसंवाद (तीन-चार स्वर एकत्र) वाजवायला गेलात तर कधीकधी एखादा स्वर वाजतच नाही. स्वस्त कीबोर्डमध्ये बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत बसवलेली असतात. काही तीन बटणं एकदम दाबली की चौथं दाबलंय की नाही हे त्याला ओळखता येत नाही, म्हणून तो नवं बटण सरळ नाकारतो. कोणती जोडी अडते ते प्रत्येक कीबोर्डवर वेगळं. सा-ग-प म्हणजे ए, डी, जी एकत्र दाबून बघा, मग सा-म-ध. एखादी जोडी अडली तर दोन स्वर एकदा आणि तिसरा त्याच ट्रॅकवर दुसऱ्या फेरीत भरा. आपल्या गाण्यात एकच स्वरओळ महत्त्वाची, त्यामुळे हा अडथळा पाश्चात्त्य संगीत करणाऱ्यांइतका आपल्याला छळत नाही.

मींड आणि गांधार

बटणांवर मींड नाही. तक्रार जुनीच आहे. रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली तेव्हाच्या आक्षेपांत हाही होता. कॉम्प्युटरवर थोडी पळवाट आहे. गॅरेजबँडमध्ये १ आणि २ या बटणांनी स्वर खाली-वर वाकतो. इतरत्र मिडी एडिटरच्या खालच्या भागात 'पिच' निवडून माऊसने रेघ काढता येते. आधी दोन स्वरांपुरतीच करा. सगळ्या ओळीला मींड लावली की बासरी नशेत असल्यासारखी वाजते.

दुसरी अडचण कमी लोकांच्या लक्षात येते. सॉफ्टवेअरमधलं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं असतं, प्रत्येक भाग १०० सेंट. त्यामुळे शुद्ध गांधार साहून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार मात्र ३८६ च्या जवळ असतो. मागे तानपुरा लावून भूप वाजवलात आणि ग टोचला तर कान तयार आहेत असं समजा. तो एक स्वर किंचित खाली वाकवला की बसतो.

शेवटी पट्टी

ओळ तयार झाली, आता गायकाची पट्टी. आपण सा पांढरी एकवर धरला होता. काळी एक हवी असेल तर सगळे स्वर १ घर वर (एक घर म्हणजे काळी-पांढरी धरून शेजारची पट्टी), काळी दोनला ३ वर, पांढरी चारला ५ वर. काळी चारसाठी ४ खाली, काळी पाचसाठी २ खाली. गॅरेजबँडमध्ये तुकडा निवडून पियानो रोलमध्ये ट्रान्सपोजची सरकपट्टी आहे. लाइव्हमध्ये ट्रॅकवर 'पिच' नावाचा मिडी इफेक्ट टाका. रीपरमध्ये एडिटर उघडून सगळे स्वर निवडा आणि माऊसने ओढून तेवढी घरं वर-खाली सरकवा. ही सरकवासरकवी सगळं वाजवून झाल्यावर करा. मध्येच केली तर पुढची ओळ वाजवताना कानाला एक सा आणि बोटांना दुसरा असं होतं.

आणि गायिका घरी यायच्या आत फाइलला नाव द्या. माझ्याकडे 'नवीन १' ते 'नवीन ४३' अशा फायली पडून आहेत. कोणत्या चालीला कोणती पट्टी दिली होती ते आता देवालाच माहीत. हल्ली मी राग, पट्टी आणि लय नावातच लिहितो: भूप-काळीचार-९०.